आधी पत्ता, मग बाकीचं

वेलदूर, ता. गुहागर

चि. मानसी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो बाबा, कळलं बाबा" म्हणतेस आणि मागे मैत्रिणींचा गलका चालू असतो. म्हणून लिहूनच पाठवतोय. वाचून झालं की पासपोर्टच्या फोल्डरात ठेव.

जर्मनीला शिकायला जायचं म्हणून तुझी कागदपत्रं तपासून देतात ते एपीएसचं सर्टिफिकेट आलं, वर्षभराच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या ब्लॉक खात्यात 11,904 युरो भरले, व्हिसा लागला. आता राहिलं काय, तर बॅगा भरायच्या, असं तुझ्या आईला वाटतंय. तिने चकलीची भाजणी दळूनसुद्धा आणली. मला मात्र एकाच गोष्टीची काळजी आहे. हांबुर्गात तुला अजून खोली मिळालेली नाही.

तिथली सगळी कामं एकात एक कशी अडकली आहेत बघ. खोली मिळाली की घरमालक सहीचा एक दाखला देतो. तो घेऊन, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, सरकारी कचेरीत आपला पत्ता नोंदवायचा. आन्मेल्डुंग म्हणतात ते हेच. त्या नोंदणीवर टॅक्स नंबर येतो, बहुतेक बँका खातं उघडतात, आणि पुढे राहण्याच्या परवान्यालाही तोच कागद लागतो. चालू खातं उघडलं की ब्लॉक खात्यातून दरमहा 992 युरो त्यात पडायला लागतात. म्हणजे पैसे आपलेच, पण पत्ता नसेल तर हाती यायला महिना-दीड महिना सहज जाईल. काही ऑनलाइन बँका नोंदणी नसतानाही खातं देतात म्हणे. तू ज्या बँकेत उघडणार आहेस तिचे नियम आत्ताच वाचून ठेव.

श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज भरलास ते उत्तम, पण ती यादी लांबलचक असते, तिच्यावर विसंबून राहू नकोस. शेअरिंगमधल्या खोल्या रोज बघ. कोणी दोन-तीन महिन्यांसाठी खोली देत असेल तर पहिला प्रश्न एकच: इथे पत्ता नोंदवता येईल का? नाही म्हणाले तर स्वस्त असली तरी सोड. भाडं विचारताना 'काल्ट' की 'वार्म' तेही विचार, कारण काल्टमध्ये हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं नसतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याहून जास्त मागता येत नाही. आणि "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं सांगणारा भेटला, की तो चोर आहे असं समजून पुढे जायचं. मग त्याने पासपोर्टचा फोटो पाठवू दे, नाहीतर बायकामुलांचा.

खोली मिळाली की त्याच दिवशी दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आपलं नाव लाव. हे तुला फालतू वाटेल. आपल्याकडे पाकिटावर नुसतं 'मोहल्ल्याच्या वरचं घर' लिहिलं तरी पोस्टमन आणून देतो, वर चहा पिऊन जातो. तिथे पेटीवर नाव नसलं तर टपाल सरळ परत जातं. आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं टपालानेच येतं. घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुझं नाव त्याच्या नावाखाली चिकटव, छापील अक्षरांत.

नावावरून आठवलं. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुझं नाव, मग माझं. पासपोर्टात क्रम वेगळा. तिथे कुठलाही फॉर्म भरताना फक्त पासपोर्ट समोर ठेवायचा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं: घराच्या करारावर, विम्यावर, बँकेत, टपालपेटीवरसुद्धा. बोटीवर असताना सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तिकेवर, एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं, अशा पोरांना मी बंदरात ताटकळताना बघितलंय.

मूळ कागद सगळे हातातल्या बॅगेत. जन्मदाखला, मार्कशीट, पदवी, प्रवेशपत्र, ब्लॉक खात्याचा कागद, विमा. मोठी बॅग हरवू शकते, ती दोन दिवसांनी आली तरी चालेल. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स मी शृंगारतळीहून काढून ठेवतो, स्कॅन तुझ्याकडे आणि आईच्या मेलवर.

विम्याचं: तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी योजना मिळते, महिना दीडशे युरोच्या आसपास. ती शिक्षणासोबत सुरू होते, तोवरचे दिवस प्रवासविम्यात धर. दोन चष्मे ने. औषधं नेशील ती डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीत कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव हवं.

पैशाचं थोडक्यात. बागेचा सातबारा घेऊन मी बँकेत गेलो होतो ते तुला माहीत आहे. शेतजमीन शिक्षणाच्या कर्जाला तारण धरत नाहीत, आणि घर चुलत्यांसोबत सामाईक, म्हणून शेवटी बोटीच्या कमाईची एफडी ठेवली. त्याचं ओझं तू घेऊ नकोस, हप्ते तुझा कोर्स संपल्यावर आहेत. पहिल्या दीड महिन्याचे पैसे फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख युरो. रोख परकीय चलन 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतं, पण एवढं नेऊही नकोस. तिथे वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. पहिलं सेमिस्टर काम शोधू नकोस असं माझं मत आहे. आईचं मत वेगळं आहे, ते ती तुला सांगेलच.

आता आईच्या पिशव्यांकडे येतो. मी तिला युरोपचे नियम वाचून दाखवले, तर ती रागावली. दुधाचं आणि मटणा-कोंबडीचं काही चालत नाही, म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. आंबा तिथे विनाप्रमाणपत्र नेता येत नाही, तसाही तेव्हा आंबा कुठला! नारळ मात्र चालतो, केळं आणि अननसही. आणि सुकी मासळी चक्क 20 किलोपर्यंत! हे ऐकून आई खुलली. सोडे आणि जवळा भरायचं ठरलंय, पण थोडंच. सामायिक स्वयंपाकघरात जवळा भाजलास तर पहिल्याच आठवड्यात शेजारी तोडशील. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून. कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट, मालवणी मसाला न्यायला हरकत नाही, मसाला दोन पिशव्यांत घालून सीलबंद. कुकर ॲल्युमिनियमचा नको, तिथे इंडक्शन शेगडी असली तर तापणारच नाही. स्टीलचा तीन लिटरचा घे, आणि रिंग व शिट्टी जादाची. रिंग तिथे मिळायला वणवण होते.

जाड जॅकेट मुंबईत घेऊ नकोस, तिकडेच घे. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण वाऱ्यासोबत आडवा येतो, छत्री उलटी होते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही. त्या दिवसांत मन उदास झालं तर अभ्यासाला दोष देऊ नकोस, थोडी बाहेर पड. हांबुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी एल्बे नदीला भरती-ओहोटी असते. धक्क्यावर गेलीस तर पाणी चढताना दिसेल. मी त्याच बंदरात खलाशांच्या क्लबातून घरी फोन लावायचो, तेव्हा मिनिटामिनिटाचे पैसे जायचे.

विमान मुंबईहून, आणि गणपतीनंतरचा आठवडा म्हणजे चाकरमान्यांची परतीची गर्दी. महामार्गावर भरवसा ठेवायचा नाही, पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेही हळू असते. म्हणून चिपळूणहून विमानाच्या तीन दिवस आधी निघायचं, डोंबिवलीला आत्याकडे उतरायचं. आत्याला सांगून झालंय. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, मी तारीख लिहून ठेवली आहे.

दर रविवारी फोन कर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे आपल्यात साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचं अंतर. आईला ते समजावून सांगितलंय, तरी ती साडेतीनचाच हिशोब धरेल.

या रविवारपर्यंत दोन कामं कर: खोलीसाठी पाठवलेल्या अर्जांची यादी मला पाठव, आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचा स्कॅन आईला मेल कर. यादीत एखादी खोली बंदराच्या बाजूची असेल तर तीही कळव, तो भाग मला थोडा ठाऊक आहे.

तुझे
बाबा

ता.क. आई म्हणते भाजणी नेणार की नाही ते लगेच कळव, नाहीतर ती गणपतीत संपवते.