गाळा विकायचा नाही

चि. रोहित यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, कोल्हापुरातला आपला उद्यमनगरचा गाळा विकू, शिरोलीला एमआयडीसीत शेड घेऊ आणि कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे ते कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, बसवू. समोर पार्टी बसली होती म्हणून मी नुसतं हां हां केलं. आता सविस्तर लिहितो.

व्हीएमसीला माझी ना नाही. गाळा विकायला आहे.

परवाचीच गोष्ट. पंपाच्या बॉडीचं बोअरिंग चालू होतं. पहिल्या कटला कास्टिंग चकाचक. दुसऱ्या कटला टूलचा आवाज बदलला, मशीन बंद करून बघतोय तर आत मुगाएवढं ब्लो होल, ओतताना हवा अडकून पडलेलं भोक. जॉब गेला, आणि पार्टीला माल दुसऱ्या दिवशी द्यायचा. तसाच तो सायकलच्या कॅरियरला बांधून फाउंड्रीत नेला. मेस्त्रीनं भोकावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "वाळूचा कोर ओला राहिला हो, हवाच असली पडलीय." संध्याकाळी भट्टी लागली त्या हीटला नवा मोल्ड लावला, सकाळी कास्टिंग माझ्या दारात. चलन नाही, ईमेल नाही. पॅटर्नवाला, ग्राइंडिंगवाला, की-वे मारणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. शिरोलीत एवढ्यासाठी टेम्पो सांगावा लागेल, आणि टेम्पोवाला एका नगासाठी येतोय व्हय?

उद्यमनगर उभंच असं राहिलंय. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिन लागायची, गुऱ्हाळाला चरक लागायचे. ती दुरुस्त करता करता इथले कारागीर इंजिनंच बनवायला लागले. इथं इंजिन बनवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींकडे तरी कुठं डिग्री होती? पुढं शेतावर वीज आली, इंजिनं मागं पडली, तशी माणसं पंपाच्या आणि गाड्यांच्या पार्टकडं वळली. धंदा बदलला तरी शेजार तोच राहिला.

माणसांचंही तसंच. आपला नदीकाठच्या चिखलीचा हेल्पर पहाटे म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून मग कामावर येतो. सध्या रोज सकाळी चहाच्या गाड्यावर एकच विषय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पण तो ३९ ची वाट बघत नाही, आधीच म्हशी हलवतो आणि चार दिवस येत नाही. तू याला शिस्त नाही म्हणशील. २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं ते त्यानं बघितलंय, त्यामुळं मी रजा कापत नाही. पाटाकडील आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असली की अर्धी माणसं दुपारनंतर गायब होतात, तिथं मात्र मी शिव्या घालतो. (आणि तीननंतर मीही शाहू स्टेडियमवर असतो, हे तुझ्या आईला माहीत आहे.)

तर माझं म्हणणं असं. नोकरी सोडायची घाई करू नकोस. यायचंच ठरलं, तर आधी महिनाभर माझ्याबरोबर जुन्या लेथवर उभा राहा, पार्टीकडं वसुलीला चल. उधारीचे पैसे कसे आणि किती दिवसांनी येतात ते बघितलंस की हप्त्याचा हिशेब तुझा तूच मांडशील. मशीन पुढच्या खोलीत बसतंय का, ते मी टेप लावून बघितलंय. भिंत पाडली तर बसतं. फाउंडेशनचं काय करायचं ते तू सांग.

गणपतीला येताना बोअरिंग बारचे इन्सर्ट आण, नंबर फोटो काढून पाठवतो. आई म्हणते, तिकडचं पॅकेटचं दूध प्यायचं बंद कर.

तुझा,
पप्पा