बेंगळुरातच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबांस सा. न.

आई, मोठी गोष्ट आधी सांगते, नाहीतर तू सगळं पत्र धास्तीनं वाचशील. टिळकवाडीतल्या कॉलेजची जागा मी घेत नाहीये. तसं कळवूनही टाकलंय. पुढची तीन वर्षं इथंच, फळमाश्यांच्या झोपेवरच काम करणार. बाबा, त्या जागेसाठी तुम्ही घातलेले हेलपाटे मी विसरलेली नाही. तुमचा शब्द खाली पडला असं मुळीच मनात आणू नका. तिथं शिकवायला मिळालं असतं, घरचं जेवण मिळालं असतं, तुमच्याजवळ राहिले असते, हे सगळं धरूनच ठरवलंय. पण माझ्या कामाला रात्रंदिवस 25 अंशांवर राहणारी कपाटं लागतात, 12 तास उजेड आणि 12 तास अंधार लागतो. वीज तासभर गेली तरी आठवड्याची नोंद वाया जाते. ती सोय इथं आहे.

शहापूरची आत्या विचारणारच, "अजून शिकूलीस काय ग?" तिला सांगा, ही नोकरीच आहे, पगार वेळेवर होतो.

जेवणाची काळजी नको. कॅन्टीनमध्ये गरम भात-सारू मिळतं, रविवारी मी खोलीवर पिठलं करते. आई, तुला खरी गंमत वाटेल ती माश्यांच्या स्वयंपाकाची. एका लिटर पाण्यात 80 ग्रॅम मक्याचं पीठ, 40 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम अगर, वर ग्लुकोज आणि यीस्ट. पीठ सतत ढवळायचं, गुठळी झाली की नळीत ओतताना अडकते. बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिओनिक आम्ल घालतात, पण उकळत्यात घातलं तर ते उडून जातं. 60 अंशांच्या खाली आलं की घालायचं, आणि लगेच ओतायचं, कारण फार गार झालं तर अगर भांड्यातच थिजतं. मग रात्रभर मलमलीखाली ठेवायचं. घाईनं नळ्यांना कापसाचे बोळे लावले तर आत पाण्याचे थेंब जमतात आणि माश्या चिकटून मरतात. पावसाळ्यात तर फारच जपावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या अक्का हे इतकं नेमकं करतात की तुझी आठवण येते.

माशी असते तिळाएवढी. कोशातून माश्या बाहेर पडतात त्या मुख्यतः पहाटे. नव्या माद्या 8 तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. उशीर झाला तर त्यांची नराशी जोडी जमते, मादी बीज साठवून ठेवते आणि पुढची पिल्लं कुणाची हे कळत नाही. म्हणून मी रविवारीही सकाळी जाते, आणि म्हणूनच या चतुर्थीला घरी येणं जमणार नाही. दिवाळीला मात्र नक्की येते. बाटल्या 18 अंशांच्या कपाटात ठेवल्या की 10 दिवसांत होणारी वाढ जवळजवळ दुप्पट वेळ घेते, तेवढी सवड मिळते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढतेय.

बाबा, माश्यांच्या झोपेचा माणसाला काय उपयोग, हे तुम्ही मागं विचारलं होतं. 1971 साली कोनोप्का आणि बेंझर यांना माशीत दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारं जनुक सापडलं. ते घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. तसंच घड्याळ आपल्या पेशींतही आहे. आम्ही एकेक माशी 5 मिलिमीटरच्या काचेच्या नळीत ठेवतो. एका टोकाला खाणं आणि मेण, दुसऱ्या टोकाला कापूस, मधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण; माशीनं तो ओलांडला की यंत्र हालचाल नोंदवतं. 5 मिनिटं हालचाल नसली तर माशी झोपली असं धरतात. खाणं वाळून माशी मेली तरी यंत्राला ती गाढ झोपलेलीच वाटते, म्हणून शेवटी प्रत्येक नळीला टिचकी मारून बघावं लागतं. इथल्या जनुकांची नावंही बघा: स्लीपलेस, इन्सोम्नियाक, वाइड अवेक! कुणाचा पेपर छापला की पेढे येतात. माझ्या वेळी कुंदाच हवा, असं सगळ्यांनी आत्ताच बजावलंय.

पावसात मला तुमच्या रेनकोटात घेऊन सायकलवरून शाळेत सोडायचात, बाबा, आणि स्वतः भिजून परत जायचात. बेळगावात पाऊस लागलाय म्हटलं की अजून जीव तिकडं असतो.

आता ऐका. म्हाताऱ्या माश्यांच्याही झोपेचे तुकडे होतात, तेव्हा पहाटे तीनला जाग आली म्हणून घाबरून जाऊ नका. पण दुपारी दोन तास ताणून द्यायचं बंद. सकाळी अर्धा तास उजेडात बसायचं, चारनंतर चहा नाही. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणायची नाही. आई, मखर उतरवायला बाबांना माळ्यावर चढू देऊ नकोस, शेजारच्या पोराला हाक मार. बीपीची गोळी सकाळी न चुकता द्यायची, आणि तुझी साखर या आठवड्यात तपासायची. रिपोर्टचा फोटो शनिवारपर्यंत पाठवा.

तुमची,
बाळी