पाळलेले मासे तलावात सोडू नका

महोदय,

गेल्या रविवारी सकाळी ठाण्यात आमच्या घराजवळच्या तलावावर एक गृहस्थ बादली घेऊन आले. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बादलीत जिराफासारखे तपकिरी ठिपके असलेले दोन वीतभर मासे. मी लगेच ओळखले, व्हेनुस्टस. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, सिक्लिड कुळातले मासे. ‘टाकीत मावेनात हो, इथे मोकळे राहतील बिचारे,’ ते म्हणाले. मी खूप विनवण्या केल्या आणि मासे घरी घेऊन आले.

त्यांचा मला राग आला नाही. दोन इंचांची पिल्ले विकताना हा मासा २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हे दुकानात त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बारा वर्षांपूर्वी मलाही नव्हते सांगितले. तीन फुटी टाकीत मी याच सरोवरातले सहा ‘ब्लू डॉल्फिन’ मासे आणले आणि वर्षभरातच त्यातले दोन मारामारीत गमावले. ते दुःख अजून आहे. आता टाकी पाच फुटी आहे, पाणी साडेपाचशे लिटर. या माशांना पाण्याचा सामू (पीएच) आठच्या आसपास लागतो, म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवते, दर आठवड्याला पाणी बदलते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ब्लू डॉल्फिनच्या मादीसाठी. अंडी घातल्या घातल्या ती तोंडात घेते. पुढे तीन आठवडे घसा पिशवीसारखा फुगलेला. मधूनच चूळ भरल्यासारखे तोंड हलवते, तेव्हा अंडी आतल्या आत फिरताना दिसतात. समोर खाणे पडले तरी शिवत नाही. पोट पार खपाटीला जाते. पिल्ले बाहेर सोडल्यावरसुद्धा मी काचेजवळ हात नेला की ती तोंड उघडते आणि सगळी पिल्ले आत!

पण हीच माया परक्या पाण्यात इतर माशांच्या मुळावर येते. उजनीची चिलापी, म्हणजे तिलापिया, सर्वांना ठाऊक आहे. तीही याच सिक्लिड कुळातली, तोंडात पिल्ले वाढवणारी. तिच्यातली मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. अंडी-पिल्ले आईच्या तोंडात सुरक्षित, वर्षातून अनेकदा वीण. मग स्थानिक माशांनी टिकायचे कसे? तलावात सोडलेला प्रत्येक मासा जगेलच असे नाही, काही तडफडून मरतीलही. पण दोन्हीही वाईटच.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. टाकीच्या काचेवर किमतीशेजारी माशाची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी लिहा, आणि वाढलेला मासा कोणी परत आणला तर नाही म्हणू नका. पालकांनी मुलांचा हट्ट पुरवण्याआधी ती लांबी घरच्या टाकीशी ताडून पाहावी.

ते दोन व्हेनुस्टस सध्या माझ्या जुन्या तीन फुटी टाकीत आहेत. मोठी टाकी असलेला कोणी शौकीन मिळेपर्यंत मीच त्यांना सांभाळणार आहे.

– एक वाचक, ठाणे