पुसण्याआधी विचारलंस, म्हणून

बाबा रे,

तुझं नाव इथे घालत नाही. घातलं तर तू चिडशील, आणि उद्या सगळा वाडा आपापले बिघडलेले मिक्सर घेऊन तुझ्या दारात उभा राहील. पत्र तुझ्यासाठी आहे हे तुला कळेल, तेवढं पुरे.

त्या रविवारी तू निघताना मी आभाराचं ‘देव बरें करूं’ म्हटलं, तू मान हलवलीस आणि हेल्मेट घालून गेलास. मग आत येऊन बसले तेव्हा वाटलं, एवढ्यावर भागत नाही. चौतीस वर्षं मुलांकडून ‘आभार मानणारे पत्र लिहा, गुण ५’ लिहून घेतलं. स्वतः मात्र कधी लिहिलं नव्हतं. मायना चुकला असेल तर एक गुण काप.

तुझ्याआधी येऊन गेलेल्यांचं आधी सांगून टाकते, नाहीतर ते पोटात राहील आणि मध्येच कुठेतरी बाहेर पडेल.

तो यूएसबीचा ट्यूनर ह्यांनी २०१० साली घेतला होता. पेनड्राइव्हचा थोरला भाऊ शोभेल एवढी डबी. एका बाजूने लॅपटॉपला लागायची, दुसऱ्या बाजूने केबलची वायर. बाहेर टीव्हीवर माझी मालिका आणि आतल्या खोलीत लॅपटॉपवर ह्यांची मॅच, हवी तर रेकॉर्डही व्हायची. आमच्या घरातली शांतता बरीच वर्षं त्या डबीवर टिकून होती. हे गेल्यावर तीन वर्षं ती कपाटातच होती. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या फुगडीचं टीव्हीवाल्यांनी शूटिंग केलं, एका रविवारी सकाळी ११ वाजता लागणार म्हणून कळवलं, तेव्हा मी ती बाहेर काढली. गाणी म्हणणारी आमची थोरली जाऊ, वय ८१. पुढच्या चवथीला तिचा आवाज असा लागेल की नाही कोण जाणे. म्हटलं, हे जपून ठेवायलाच हवं.

फोंड्याच्या बाजारात एका दुकानात गेले. तिथला मुलगा माझ्याशी बोलेचना, माझ्याबरोबर आलेल्या शेजारणीच्या नातवाशी बोलत होता. तो नववीत आहे. “आता कोण वापरतं हे? आजीला यूट्यूबवर दाखव ना.” मी म्हटलं, यूट्यूबवर ते घालतील की नाही हे तुला कोणी सांगितलं? “घालतील ओ.” मग त्याने ह्यांची रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क लावली, एकदा बघितली आणि म्हणाला, “भरलेली आहे. आधी फॉरमॅट मारतो.” म्हणजे सगळं पुसणार. मी त्याच्या हातावर हात ठेवला. मी गल्ल्यात हात घातल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

केबलवाला दारातूनच बोलला, आत यायचं तर चपला काढाव्या लागतील म्हणून असेल. “बॉक्सच्या मागे काही जोडायचं नाही, बिघडला तर पैसे भरावे लागतील.” बस्स, गेला. माझ्या भाच्याने तर जास्तच उपकार केले होते. ‘मावशी, जुनी विंडोज धोक्याची’ म्हणत त्यानेच लॅपटॉप नवा करून दिला, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप ट्यूनरला ओळख दाखवेना. फोन केला तर म्हणाला, उद्या येतो. कुठला उद्या, ते विचारायचं राहून गेलं.

तू शेजारी चवथीची रोषणाई उतरवायला आला होतास. शनिवार, कुंडईच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून, डब्याची पिशवी खांद्यालाच. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, ह्याला दाखवा. मला काही आशा नव्हती, पण चहा टाकायचाच होता.

तू काय काय केलंस ते मी सांगायला गेले तर दहा चुका होतील. पण तू मला समजावलंस तेवढं पाठ आहे, कारण ते तू मला समजावलंस, नववीतल्या मुलाला नाही. पूर्वी केबलच्या वायरीतून चॅनल उघडे यायचे, म्हणून ट्यूनरला ते आपले आपण सापडायचे. मग सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, देशातल्या शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती, आणि त्यानंतर वायरीतून येतं ते कुलूप लावून. किल्ली बॉक्सकडे. ट्यूनरला नुसती वायर लावली की दिसणार त्या मुंग्याच. तेव्हा बॉक्सच्या मागून निघणाऱ्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना ट्यूनरला द्यायच्या: पिवळीतून चित्र, उरलेल्या दोन्हींतून आवाज. म्हणजे डबी बिघडलेली नव्हतीच. तिला चुकीच्या दारात उभं केलं होतं.

नव्या विंडोजला तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, पटत नव्हता, तर तू खिशातून पेनड्राइव्ह काढलास आणि लॅपटॉप त्याच्यावरून विंडोजऐवजी लिनक्सने चालू केलास. चित्र आलं, पण काळंपांढरं आणि चिरफाळलेलं. मी म्हटलं, झालं, मेला. तू म्हणालास, हे एनटीएससीवर आहे, अमेरिका-जपानची पद्धत, ५२५ रेषांची. आपली पद्धत ‘पाल’, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. मोडी लिहिलेला कागद बाळबोध म्हणून वाचायला घेतला तर काय होईल, तसं ते झालं होतं. तू एक शब्द बदललास आणि निवेदिकेच्या साडीला हिरवा रंग आला. मी टाळी वाजवली, ते कोणाला सांगू नकोस.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. चांगला कारागीर भेटला म्हणून पाचशे रुपये दिले असते. (तू घेतले नाहीस ते वेगळं. चार नारळ घेतलेस, त्यांतले दोन शेजारणीला देऊन गेलास, तेही मला कळलं.)

पत्र त्यानंतरच्या एका मिनिटासाठी आहे.

रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं म्हणून तू ह्यांची डिस्क लावलीस. भरलेली. दुकानातल्या मुलाला जे दिसलं तेच तुला दिसलं. तू माउसवरचा हात काढलास, तो मांडीवर ठेवलास, खुर्ची माझ्याकडे वळवलीस आणि विचारलंस, “बाई, हातूंत काकाचें कितें आसा? पुसलें जाल्यार परत मेळचें ना.” ह्यात काकांचं काय आहे, पुसलं तर परत मिळायचं नाही.

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. हे गेल्यापासून ती डिस्क मी एकदाही उघडली नव्हती. भीती वाटायची का, तर तसंही नाही. ह्यांच्या कपाटाचा खण उघडायचा आपल्याला काय अधिकार, असं काहीतरी.

“पळोवया?” बघूया का, तू म्हणालास, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबलास. माझा हो लवकर आला नाही. तू घड्याळाकडे बघितलं नाहीस, फोन काढला नाहीस. दिवेलागणीची वेळ, तुझ्या आईने दोनदा फोन केला होता. तू बशीतला चहा पीत बसलास.

मग एकेक नाव वाचून दाखवलंस. ४१ फायली. ‘दिवाळी पहाट अर्धी’. ‘नाटक अंक २ अर्धा’. ‘हिची रेसिपी’, ही एकच पुरी. ‘फायनल अर्धी’. तिच्यावर तारीख २ एप्रिल २०११. ती तू लावलीस. वानखेडे, आपल्याला २७५ हव्यात, सेहवाग गेला, सचिन गेला, गंभीर खेळतोय, आणि धोनी मैदानात उतरायच्या आतच फाईल खलास. तू हसलास. म्हणालास, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि धोनीने षटकार मारायच्या आधी तुला झोप लागली होती. म्हणजे तू आणि आमची डिस्क, दोघेही एकाच पंथाचे.

हसता हसता तू थांबलास, कारण तुला साईझ दिसल्या. अर्ध्या राहिलेल्या सगळ्या फायली ४ जीबीच्या काठावर येऊन थांबलेल्या. “बाई, काका चुकूंक नात. डिस्क चुकली.”

काका चुकले नाहीत, त्या एका वाक्याने काय झालं तुला कल्पना नाही. त्या फायली दीड तासावर तुटायच्या आणि हे बाहेर येऊन मला म्हणायचे, तू मिक्सर लावलास! लाईट खालीवर झाली! वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस, त्याच्यापुढे लाईटच्या विषयात मी काय बोलणार? सहा-सात वर्षं माझ्या मिक्सरवर आळ होता. मॅच असली की मी चटणी पाट्यावर वाटायची. आणि कारण निघालं काय, तर डिस्क फॅट ३२ पद्धतीने आखलेली. त्या पद्धतीत फाईलची लांबी लिहायला बत्तीसच चौकटी, प्रत्येकीत शून्य किंवा एक, त्यांत मावणारा मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तेवढे बाइट झाले की पुढे लिहायला जागाच नाही. दोष ह्यांच्याकडे नाही, ट्यूनरकडे नाही, मिक्सरकडे तर नाहीच नाही. आज हे असते तर मी ही फाईल त्यांच्यासमोर उघडून बसले असते आणि जेवायला वाढलं नसतं.

डिस्कला तू हातच लावला नाहीस. घरी जाऊन तुझी आणलीस. ह्यांची डिस्क म्हातारी झालीय म्हणालास, एक प्रत काढून ठेवूया. ती रात्रभर चालू होती, निळा दिवा लुकलुकत होता आणि मी दोनदा उठून बघून आले. सकाळी तू पहिल्यांदा दाखवलंस ते हे, की प्रतीतही जुन्याच तारखा राहिल्यात. ते मी मागितलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. पण त्यातली प्रत्येक तारीख म्हणजे हे आतल्या खोलीत आणि मी बाहेर, अशी एक संध्याकाळ आहे.

आमच्याकडे कोणाच्याही झाडाची जास्वंद पहाटे तोडून नेतात. नेईनात, देवालाच जाते. पण चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या माटोळीला माझ्या कुंपणावरची कांगलां, ती रानफळं, हवी असली की एक म्हातारा दरवर्षी दारात येऊन खोकतो आणि विचारतो. त्याला मी नाही म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी विचारतो. लहानपणी मला वाटायचं ही नुसती रीत. शाळेत मुलांना ‘बाई, आत येऊ का’ म्हणायला शिकवलं तेही रीत म्हणूनच, खोटं कशाला बोलू. हो म्हणायला आपल्याकडे अजून काहीतरी शिल्लक आहे, असं विचारणारा आपल्याला सांगत असतो, हे मला सत्तरीत कळलं. दुकानातला मुलगा वाईट नव्हता. त्याला वाटलं म्हातारीचं काय असणार त्यात.

फुगडी छान आली. जाऊ स्टुलावर बसून गात होती ते सगळं, शेवटच्या ‘फू’पर्यंत. रेकॉर्डचं बटण तू मला दाबायला लावलंस, आणि अर्ध्या तासाने मी ते बंद करायला विसरले. त्यामुळे पुढे दहा मिनिटं गादीची जाहिरात आहे. जाऊ तीही बघते. आता रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉपसमोर बसते आणि स्वतःचा सूर चुकला तिथे स्वतःलाच ‘गो बाये’ म्हणून दम भरते.

तुझा पेनड्राइव्ह अजून लॅपटॉपलाच आहे. काढला की लॅपटॉप परत ट्यूनरला ओळख दाखवणार नाही. तुला हवा असेल तर येऊन ने, पण त्याच्याबदली काय लावायचं ते जाऊला समजावून जा. माझं ती ऐकत नाही. दुपारी तीननंतर ये. आणि मिक्सर चालू असला तर बेल ऐकू येणार नाही, सरळ मागच्या दाराने ये.

तुझी,
बाई