खरे सांगणाऱ्याची भरपाई

निपाणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रोगराई हा दवाखान्याचा विषय असताना त्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने कशाला लक्ष घालावे, असे तू कागलहून विचारले आहेस. सप्टेंबर २०१४मधील ठराव २१७७ने पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ हा आंतरराष्ट्रीय शांततेला व सुरक्षिततेला धोका असल्याचे नोंदवले, हे तुला ठाऊक असेलच. मला मात्र त्यातले दुसरेच कलम महत्त्वाचे वाटते. साथीपायी लादलेले प्रवासाचे आणि सीमांवरचे सरसकट निर्बंध उठवा, असेही त्यात सदस्य देशांना सांगितले होते.

आपल्याला याचा अर्थ उलगडून सांगायला जिनिव्हाहून कोणी यायला नको. २०२१मध्ये तुमचे कागल महाराष्ट्रात आणि आमची निपाणी कर्नाटकात, म्हणून मधल्या कोगनोळीच्या सीमानाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा अहवाल मागत, तेव्हा तुझे घर माझ्यासाठी परदेशात गेले होते. तपासणीला माझा विरोध नव्हता, आजही नाही. पण आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अंगात ताप असताना गोळी घेऊन पाणंदीने अलीकडे उतरले आणि आठवडाभर कोणाजवळ बोलले नाहीत, कारण बोलून त्यांच्या पदरात पडणार होता तो दारावर चिकटवलेला कागद आणि शेजाऱ्यांचा अबोला.

देशही याच हिशेबाने वागतात. १९९४मध्ये सुरतेतील प्लेगच्या बातमीने भारताची विमाने आणि माल अनेक देशांनी अडवला. नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तातडीने जगापुढे ठेवली आणि काही दिवसांतच तिथून येणाऱ्या विमानांना बंदी झाली. २००७पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम अशी घटना जागतिक आरोग्य संघटनेला २४ तासांत कळवण्याचे बंधन घालतात खरे, परंतु कळवणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची सोय त्यांत नाही. साथीला सुरक्षेचा प्रश्न म्हणायचेच असेल, तर त्या नावाखालचा पहिला पैसा खरे सांगणाऱ्याच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, असे माझे मत झाले आहे.

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत तू शेवटचा कधी गेलास? तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. १९८०मध्ये देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले, ते अमेरिका आणि सोव्हिएत संघ ऐन शीतयुद्धातही त्या कामात एकत्र राहिले म्हणून, असे मला तिथे गेल्यावर दर वेळी वाटते. (यातला ‘म्हणून’ थोडा ताणलेला आहे, हे कबूल.) पुढच्या महिन्यात मला तिकडे जायचे आहे; येणार असशील तर कोगनोळीला थांबतो.

तुझा,
निपाणीकर