कामाच्या टेबलाची उंची कोपराला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात बंगल्याच्या पार्किंगचा कोपरा किंवा गच्चीवरची पत्र्याची खोली अडवून लहानशी कार्यशाळा थाटणारी हौशी मंडळी बरीच आहेत. कोणी लाकूडकाम करते, कोणी जुने रेडिओ उघडते, कोणी मुलांची खेळणी दुरुस्त करते. ड्रिल कुठले घ्यावे यावर महिनाभर खल होतो. टेबल मात्र वेल्डिंगच्या दुकानात ‘चार बाय दोन, उंची अडीच फूट’ एवढ्यावर ठरते. हे अडीच फूट जेवणाच्या आणि लिहिण्याच्या टेबलाचे माप आहे, म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याचे. उभ्याने कानस चालवणाऱ्याला ते कंबरेतून वाकवते आणि मग दोष वयाला दिला जातो.

टेबलाची उंची कोपरावरून ठरवावी. जे पायताण घालून काम करणार ते घालून उभे राहावे, खांदे सैल सोडावेत, हात कोपरात काटकोनात दुमडावा आणि दुसऱ्याला टेपने जमिनीपासून कोपराच्या हाडापर्यंत मोजायला सांगावे. स्वतः वाकून मोजले की माप चुकते. ही उंची साधारणपणे माणसाच्या उंचीच्या ६३ टक्के भरते. ५ फूट ६ इंच माणसाचे कोपर साडेएकेचाळीस इंचांवर येते, ५ फूट १ इंच असलेल्या बाईंचे साडेअडतीसच्या आसपास. बूट घातले तर त्यात तळाची जाडी वाढते. घरात अनवाणी माप घ्यायचे आणि कामाला जाड तळाचे बूट घालायचे, यात एक इंच सहज निसटतो.

आता कोपरापासून किती खाली-वर, ते कामावर अवलंबून आहे. सोल्डरिंग, घड्याळ, कोरीव काम अशी नजरेची कामे कोपराच्या २ ते ४ इंच वर हवीत, म्हणजे मान वाकत नाही. हलकी जुळवाजुळव २ ते ४ इंच खाली. रंधा मारणे, पटाशीवर ठोकणे यात अंगाचे वजन वरून पडायला हवे, म्हणून ६ इंचांपासून पुढे आणखी खाली. रंध्यासाठी सोपी खूण म्हणजे हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते ती उंची. वरच्या ५ फूट ६ इंच माणसाला साधारण ३२ इंच. आपला लाकडी रंधा स्वतःच दोन-अडीच इंच उंच असतो आणि खाली फळीचीही जाडी असते, म्हणून लाकडी रंधेवाल्यांनी आणखी थोडे उतरावे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो व्हाइसच्या, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या लोखंडी शिकंज्याच्या, बाबतीत. कानस किंवा हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) चालवताना काम टेबलावर नसते, व्हाइसच्या जबड्यात असते. तेव्हा मोजायचा तो जबडा. आयटीआयमध्ये फिटरला शिकवतात ते असे: व्हाइससमोर उभे राहून मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर जबड्याच्या माथ्याला टेकले की उंची बरोबर. चार इंच रुंद जबड्याचा व्हाइस बुडापासून जबड्याच्या माथ्यापर्यंत साधारण साडेपाच-सहा इंच भरतो, खाली फिरता बेस असेल तर जास्त. म्हणून व्हाइस आधी विकत घ्यावा, मोजावा आणि मगच टेबलाची ऑर्डर द्यावी. साडेएकेचाळीसातून सहा वजा केले की टेबल आले साडेपस्तीस. व्हाइस बसवताना मागचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेबाहेर किंचित येऊ द्यावा, नाहीतर लांब पट्टी उभी धरता येत नाही. व्हाइस टेबलाच्या पायाच्या वरच बसवावा. लाकडी स्क्रूवर भागवू नये. आरपार नट-बोल्ट घालून खाली मोठे वॉशर लावावे.

तीन-तीन टेबले ठेवायला जागा कोणाकडे आहे? आमचे मत असे की एकच टेबल व्हाइसच्या हिशोबाने साडेपस्तीस-छत्तीस इंचांचे करावे आणि बाकी उंची दोन जोडवस्तूंनी साधावी. बारीक कामासाठी टेबलावर आठ-नऊ इंच उंचीचा पक्का चौरंग (पूजेचा उचलून आणू नये, डाग पडले की घरात निराळाच विषय निघतो) क्लॅम्पने आवळावा. रंध्यासाठी पायाखाली पावणेचार इंचांचा लाकडी पाट घ्यावा, म्हणजे टेबल आपोआप पावणेचार इंच खाली जाते. घरात कमी उंचीची व्यक्ती त्याच टेबलावर काम करणार असेल तर तिलाही हाच पाट चालतो. उंची ठरवायची ती घरातल्या उंच माणसाच्या मापाने. बुटक्याला वर उचलता येते, उंचाला जमिनीत पुरता येत नाही. आपल्याकडे खड्डामागावर विणकराचे पाय खड्ड्यात जातात ही गोष्ट वेगळी! पाट टेबलाएवढा लांब हवा, अरुंद पाटावरून पाऊल घसरते.

आठ बाय चारच्या १९ मिलिमीटर प्लायच्या एका शीटमधून चार बाय दोनचे चार तुकडे निघतात. दोन एकावर एक चिकटवून वरचा पृष्ठभाग, एक खालची फळी, एक तीन इंची चौकटीवर ठोकून पाट. शीट फारशी वाया जात नाही. खालची फळी मात्र चार इंच कापून पुढच्या कडेपासून तेवढी आत ओढावी आणि जमिनीपासून पाच इंच वर ठेवावी. पायाच्या बोटांना आत शिरायला जागा मिळाली नाही तर माणूस मागे सरकून उभा राहतो आणि उंची बरोबर असूनही वाकतो. किचनच्या ओट्याखाली तळाशी खाच ठेवतात ती याचसाठी. या खालच्या फळीवर उरलेल्या शहाबादी फरशा रचाव्यात. हलके टेबल रंध्याबरोबर डुलते, आणि डुलणारे टेबल आवरायला माणूस पोट टेकवून काम करतो.

वेल्डिंगवाल्याला ३६ सांगितले की तो सांगाडा ३६ चा करतो. वर दुहेरी प्लाय चढला की दीड इंच वाढले, खाली बोल्ट आणि रबर लागले की आणखी अर्धा. साडेपस्तीस तयार उंची हवी असेल तर सांगाडा साडेतेहतीसचाच सांगावा. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी मारून घ्यावी. चारही पायांच्या तळाशी पट्टी आणि तिच्यात १६ मिलिमीटरचा नट वेल्ड करून बोल्ट घालून घ्यावेत. दीड-दोन इंच खाली-वर करायची सोय राहते. लाकडी पाय असतील तर दोन इंच जास्त ठेवून महिनाभर वापरावे आणि मग कापावे. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, दोन फुटांत दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सहज. लेव्हल बाटली लावून बोल्ट फिरवावेत, पण उंची मोजताना आपण उभे राहतो त्या बाजूनेच मोजावी, भिंतीकडच्या पायापाशी नव्हे.

टेबल-ड्रिल या टेबलावर ठेवू नये. त्याचे हँडल खांद्याच्या वर जाते आणि दाबायला हात ताणावा लागतो. त्याला वेगळा, बुटका स्टँड द्यावा.

ऑर्डर देण्याआधी जेवणाच्या टेबलावर तीन इंची विटांचे दोन थर रचून वर जाड फळी टाकावी आणि वीस मिनिटे खरेच काम करून पाहावे. खांदे वर चढले, मान आणि खांद्याची पाती भरून आली तर टेबल उंच आहे. कंबर धरली तर बुटके आहे. दुभागी चष्मा असलेल्यांनी ही चाचणी चष्मा लावूनच करावी, कारण जवळचे दिसणारी काच खाली असते आणि काम वर आले की मान मागे टाकावी लागते.

शहरातल्या फॅब्रिकेटर बांधवांना एक विनंती. कामाच्या टेबलाची ऑर्डर लिहिताना गिऱ्हाइकाला लांबी-रुंदीबरोबर चार मापे विचारावीत: कोपराची उंची, व्हाइसची उंची, वरच्या प्लायची जाडी आणि तयार टेबलाची उंची. सांगाड्याचे माप त्यावरून वहीत त्याच्यासमोर काढावे आणि मगच पाइप कापायला घ्यावा.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर