माझे बीपीचे यंत्र घेऊन गेलेल्या अक्कांना

आदरणीय अक्का,
सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी उत्तम बोलता येते, पण वाचता येत नाही. म्हणून हे पत्र मराठी शाळेत शिकलेली तुमची सून तुम्हाला वाचून दाखवील असे गृहीत धरून लिहीत आहे. पत्र खाजगी न ठेवता उघड लिहिण्याचे कारण असे की, गेल्या वर्षभरात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या चार-पाच ओळखीच्या माणसांनी मला विचारले, 'सर, तुमचे ते अचानक चढणारे बीपी शेवटी कशाने उतरले?' मी प्रत्येकाला सांगितले की ते पुरते उतरलेले नाही, त्याचे कारणही सापडलेले नाही. मात्र त्याच्या मागे धावून माझी जी दमछाक चालली होती ती थांबली, आणि ती आमच्या मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी थांबवली. हे उत्तर तुमच्या कानावर घालायचे राहून गेले होते.

गौरी जेवल्या त्या रात्री साडेअकराच्या सुमारास माझी कानशिले तापली, छाती धडधडू लागली आणि बनियन घामाने भिजला. मुलाने यंत्र लावले तर आकडा १९४/११२. बीपीची एक गोळी मी आठ वर्षांपासून घेत होतो, पण असा आकडा कधी पाहिला नव्हता. पावसात गाडी काढून बेळगाव गाठले. ईसीजी चांगला, रक्त चांगले, आणि पहाटे बीपी १२८/८०. अकरा दिवसांनी पुन्हा तेच झाले, दसऱ्याला पुन्हा. मधल्या दिवसांत मी बाजारात जात होतो, परसातल्या नारळांना आळी करत होतो, मला काहीही होत नव्हते.

तिसऱ्या वेळी एका दवाखान्यात कॅप्सूल फोडून तिचे औषध माझ्या जिभेखाली सोडले गेले. अर्ध्या तासात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्याच दवाखान्याच्या पायरीवर कोसळलो. त्या जागेचे नाव घेण्यात मला रस नाही. रक्तदाब असा एकाएकी खाली ओढला तर मेंदूला आणि हृदयाला मिळणारे रक्तच कमी पडू शकते, म्हणून ही पद्धत जाणत्या डॉक्टरांनी कधीच सोडून दिली आहे, हे पुढे तुमच्याकडून कळले. त्यानंतर जिथे जाईन तिथे एक गोळी वाढत गेली. दिवाळीपर्यंत चार गोळ्या झाल्या होत्या; साध्या दिवशी बीपी ९८/६० असायचे आणि खुर्चीवरून उठताना भिंत धरावी लागायची, पण उसळी आली की आकडा १९०च्या घरात तो जायचाच.

त्या काळात मी दिवसातून पंधरा-सतरा वेळा बीपी मोजत असे. आकडा मोठा आला की भीतीने पुन्हा मोजायचे, तो आणखी मोठा यायचा, मग तिसऱ्यांदा. ज्या माणसाने तेहतीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवले, सरासरीचे प्रकरण दरवर्षी फळ्यावर लिहिले, तो माणूस एका सुट्या आकड्याला शरण गेला होता, याची आज मला लाज वाटते.

संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन आलात तेव्हा मी पट्टा बांधूनच बसलो होतो. तुम्ही काही न बोलता सगळे पाहिलेत आणि मग बोट ठेवून एकेक चूक सांगितलीत: स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधला आहे, पायावर पाय टाकला आहे, हात अधांतरी आहे, नुकताच चहा झाला आहे, तोंड चालूच आहे, आणि लघवीला लागलेली असूनही उठत नाही. या प्रत्येकाने आकडा काही अंकांनी वर जातो आणि सगळे एकत्र आले की किती जाईल याचा हिशेब तुम्ही मास्तरच करा, असे म्हणालात. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के भागाभोवती बसली पाहिजे. माझा दंड जाड आणि पट्टा साध्या मापाचा, म्हणजे निव्वळ पट्ट्यामुळेच आकडा फुगत होता. त्यानंतर तुम्ही, 'यंत्राला सारखं काय विचारालासा, मास्तर?' असे म्हणून ते यंत्र डब्यात घातलेत आणि चक्क काखेला मारून घरी घेऊन गेलात. माझी पत्नी मागून हसत होती. मला मात्र तेव्हा राग आला होता. तो आता मान्य करतो.

ठरले असे की मी सकाळी गोळी व चहा घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी तुमच्या कट्ट्यावर यायचे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे अवाक्षर न बोलता बसायचे, मग तुम्ही मोठ्या पट्ट्याने, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे तुम्ही माझ्यापुढे ठेवलेत आणि सरासरी काढायला लावलीत. ती १३१/८२ आली. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५च्या खाली असली तर ठीक, एवढे सांगून तुम्ही वही मिटलीत. त्या आठवड्यात एक १८६ही होता, तो धरून ही सरासरी होती.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण सापडत नाही म्हटल्यावर 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मी भाद्रपदापासून इतक्या जणांकडून ऐकले होते, की त्याचेच टेन्शन येऊ लागले होते. तुम्ही ते वाक्य एकदाही उच्चारले नाहीत. मनाकडे बोट दाखवण्याआधी शरीर नीट तपासून घेतले पाहिजे, असा तुमचा आग्रह होता. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णे तुम्ही पाटावर मांडायला लावलीत. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी निघाली, सर्दीची निघाली, आणि खिशात ज्येष्ठमधाची काडी निघाली, जी घसा साफ राहावा म्हणून शाळेपासूनची सवय होती. वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी धरून राहते, सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी रक्तवाहिन्या आवळतात, आणि रोज ज्येष्ठमध चघळल्याने पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो, हे तीन धडे मला एकाच दुपारी मिळाले. पत्नीला तुम्ही मी घोरतो का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, हेही विचारलेत. ही यादी कागदावर घेऊन बेळगावच्या एका फिजिशियन बाईंकडे जा, आणि मधल्या काळात बीपीची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण काही गोळ्या एकदम तोडल्या तर रक्तदाब उलटून दुप्पट जोराने चढतो, अशी ताकीदही दिलीत.

त्या बाईंनी ती यादी दोनदा वाचली आणि 'ही कोणी केली?' असे विचारले. मग मूत्रपिंडांची सोनोग्राफी व त्यांच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर, थायरॉइड, पोटॅशियम (ते किंचित कमी निघाले), चोवीस तास अंगावर बाळगायचे बीपीचे यंत्र, आणि चोवीस तासांची लघवी, इतक्या तपासण्या झाल्या. शेवटची तपासणी फिओक्रोमोसायटोमा या विकारासाठी होती. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीत क्वचित अशी गाठ होते, ती मधूनच संप्रेरके रक्तात सोडते, आणि डोकेदुखी, घाम व धडधड यांसह रक्तदाब शूट होतो. हा विकार फार दुर्मीळ आहे, पण माझी लक्षणे त्याच्याशी जुळत होती, आणि वेळेवर सापडली तर ती गाठ शस्त्रक्रियेने काढता येते.

त्या लघवीच्या कॅनची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट, कॅनमध्ये साठवायची, कॅनमधले आम्ल ओतून टाकायचे नाही आणि तो थंड जागी ठेवायचा, हे तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतले होते. तो पाच लिटरचा कॅन बाजाराच्या पिशवीत घालून मी खानापूरहून बेळगावच्या बसमध्ये बसलो, तेव्हा कंडक्टरने पिशवीकडे पाहून 'काकवी काय हो, सर?' असे विचारले. माझा जुना विद्यार्थी होता तो. मी मान डोलावली. बेळगाव येईपर्यंत तो मला गुऱ्हाळ कोणाचे म्हणून विचारत होता.

सगळे नॉर्मल आले. वेदनाशामक गोळी आणि ज्येष्ठमध सुटल्यावर काही आठवड्यांत रोजचे आकडे आणखी खाली आले, बाईंनी चारांपैकी दोन गोळ्या टप्प्याटप्प्याने काढल्या आणि उठताना येणारी चक्कर गेली. उसळ्या मात्र राहिल्या. अशा उसळ्या काही माणसांत कोणतीही गाठ नसताना येतात, त्यांना त्या वेळी भीती वाटत असतेच असे नाही, आणि अस्वस्थतेवर दिल्या जाणाऱ्या एका औषधाने कधीकधी त्या विरळ होतात, असे त्या म्हणाल्या. तसली गोळी घ्यायला मी तयार नव्हतो. 'गोळीला कसली लाज, मास्तर?' एवढेच तुम्ही विचारलेत. ती मी घेतली. पूर्वी महिन्यात दोनदा येणारी उसळी आता दोन-अडीच महिन्यांनी येते. याचे श्रेय गोळीला द्यायचे की कट्ट्याला, हे मला सिद्ध करता येणार नाही.

आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तुम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली सूचना अजून आहे. वर तुमचे कन्नड अक्षर आणि 'रक्तदोत्तड' (म्हणजे रक्तदाब) हा शब्द, खाली माझे मराठी, कारण पत्नी चंदगडकडची, तिला कन्नड वाचता येत नाही. आकडा १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे, नजर धूसर होणे यांपैकी काहीही असेल, तर क्षणाचाही विचार न करता १०८ला फोन. यांतले काही नसेल तर जादा गोळी नाही, जिभेखाली काही नाही, अर्धा तास शांत बसणे, पुन्हा एकदाच मोजणे, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १०८ हा आकडा तेवढा दोन्ही लिप्यांत लिहिला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी घरीही नीट बोललो नाही. माझे थोरले बंधू पक्षाघाताने गेले, तेव्हा त्यांचे वय माझ्या आजच्या वयाएवढे होते. तुमच्या कट्ट्यावरच्या सक्तीच्या पाच मिनिटांत बोलायला मनाई असल्याने समोरच्या फणसाकडे पाहत बसावे लागे, आणि मोजून झाल्यावर बोलायला परवानगी मिळाली की माझ्या तोंडून आधी भाऊंचेच नाव निघे. तुम्ही ऐकून घेतलेत. त्याचा आणि बीपीचा संबंध जोडायला तुम्ही गेला नाहीत, आणि मीही जोडत नाही. पण भाऊंबद्दल चार वर्षांनी बोललो हे खरे.

गेल्या सोमवारी रात्री पुन्हा चढले. तुम्ही एका रात्रीपुरते म्हणून मुलाच्या हाती दिलेल्या यंत्रावर १८२/१०४. छातीत काही नव्हते, हात-पाय व जीभ ठीक होती. पत्नीने भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघे ओटीवर बसलो. अर्ध्या तासाने १५६, आणि तासाभराने मला झोप लागली होती, म्हणून पुढे मोजले नाही.

येत्या गुरुवारी बेळगावला तीन महिन्यांची वही दाखवायची आहे. ती घ्यायला बुधवारी संध्याकाळी येतो. यंत्र तुमच्याकडेच राहू द्या, आणि येताना मी चहा पिऊन येणार नाही.

आपला नम्र,
मागच्या गल्लीतले मास्तर
ता. खानापूर, जि. बेळगाव